शाळेची पेटी : कोठून भरते, कोठे रिती होते?

पावसाळ्याचे पहिले दिवस असतात. शाळा नुकतीच उघडलेली असते. मुलाच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते : “शनिवारी दुपारी पालकसभा. उपस्थिती प्रार्थनीय.” आपण जाता. ओल्या छत्र्या व्हरांड्यात उभ्या करून ठेवलेल्या असतात आणि आपण मुलांच्या बुटक्या बाकांवर कसेबसे बसता. स्वागत होते, अहवाल वाचला जातो, चहा येतो. आणि चहा संपता संपता कोणीतरी घसा साफ करून म्हणते, “आता थोडे पैशांचे बोलू.”

त्या क्षणी सभेत काय होते, ते आपण पाहिलेच असेल. काहीजण घड्याळाकडे पाहतात, काही खिडकीबाहेर. एखादे उत्साही गृहस्थ मोठा आकडा बोलून मोकळे होतात आणि त्यांच्या शेजारचा पालक आणखीच गप्प होतो. शेवटी काहीतरी ठरते, पावत्या फाटतात, लोक घरी जातात. वर्षअखेरीस त्या पैशांचे काय झाले, हे विचारण्याची आठवण मात्र फारच थोड्यांना राहते.

प्रस्तुत लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. प्राथमिक शाळेतील पालकांचा संघ किंवा समिती पैसा कसा जमवते, तो कशावर खर्च करते, आणि या व्यवहारात कोठे चूक होऊ शकते, हे आपण पाहू. विषय रुक्ष वाटेल. परंतु एका शाळेच्या वहीत दोन वर्षे डोके घातल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, शाळेविषयी पालकांना खरोखर काय वाटते, हे भाषणांपेक्षा जमाखर्चातून अधिक स्पष्ट कळते.

चार शब्द, चार प्रकारचा पैसा

माझा व्यवसाय भाषांतराचा. आकड्यांशी माझे कधीच फारसे सख्य नव्हते. परंतु शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असा नियम आहे, आणि मुलीच्या शाळेत त्या दिवशी एक जागा रिकामी होती. अशा रीतीने मी समितीत गेले आणि पुढच्याच बैठकीत, “तुम्ही लिहिण्याचे काम करता ना?” असे म्हणून हिशोबाची वही माझ्या हाती देण्यात आली.

वही उघडताच भाषांतरकाराची सवय जागी झाली. ‘जमा’ या बाजूला एकाच रकान्यात सर्व रकमा ओळीने लिहिलेल्या होत्या. पण त्यांच्यासमोर चार निरनिराळे शब्द होते : अनुदान, देणगी, वर्गणी आणि शुल्क. लिहिणाऱ्याने ते सहज लिहिले असतील. पण हे चार शब्द म्हणजे चार प्रकारचा पैसा आहे, आणि त्यांतील भेद विसरला की शाळेचे नुकसान होते.

अनुदान सरकारकडून येते. ते कशासाठी खर्चावे, याला नियम असतात. देणगी एखादी व्यक्ती आपल्या खुशीने देते; ती दिली नाही म्हणून कोणी तिला जाब विचारीत नाही. वर्गणी सर्वांनी मिळून ठरविलेल्या कामात ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे उचललेला वाटा असतो. गणेशोत्सवाची, ग्रामदेवतेच्या जत्रेची वर्गणी आपल्या परिचयाची आहे. शुल्क मात्र द्यावेच लागते; ते न देणाऱ्याला सेवा मिळत नाही.

पहिल्या तिघांना प्राथमिक शाळेच्या पेटीत जागा आहे. चौथ्याला सरकारी प्राथमिक शाळेत जागा नाही. पण तो आपल्या नावाने सहसा येत नाही, वर्गणीचा वेष घेऊन येतो. “प्रत्येकाने पाचशे द्यायचेच असे ठरले आहे,” हे वाक्य ज्या सभेत उच्चारले जाते, तेथे वर्गणीचे शुल्क झालेले असते.

मूठभर धान्यापासून

शाळेसाठी समाजाने हात पुढे करावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. बहुजन समाजातील मुलांची वसतिगृहे चालविण्यासाठी त्यांनी घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा करण्याची प्रथा पाडली. ‘मुष्टिफंड’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. ज्या घरी रोकड नसे, त्या घरीही एक मूठ ज्वारी असे. दारिद्र्याची अडचण न मानता दारिद्र्यालाही दाता होण्याची संधी देणारी ही योजना होती, हे तिचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

दक्षिणेकडेही असाच एक मोठा प्रयोग झाला. तेव्हाच्या मद्रास राज्यात के. कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ मध्ये शाळांतून दुपारचे भोजन देण्याची योजना सुरू झाली आणि तिच्यात लोकांचा वाटा होता. पुढे १९५८ पासून तेथे शाळा-सुधारणा परिषदा भरू लागल्या. शिक्षण संचालक ने. दु. सुंदरवडिवेलु हे या चळवळीचे एक प्रमुख सूत्रधार होते. गावकरी आधी आपल्या शाळेची गरज काय, हे ठरवीत. मग कोणी बाके, कोणी फळे, कोणी इमारतीला जागा, कोणी रोख रक्कम देई. कोठारी आयोगाने (१९६४-६६) आपल्या अहवालात या चळवळीची नोंद घेतली आहे.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. आधी गरज ठरली, मग मागणी झाली. आपल्या अनेक सभांत हा क्रम उलटा असतो : आधी पैसा जमतो आणि मग त्याचे काय करावे, याचा विचार सुरू होतो.

कायद्याचे म्हणणे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाविषयीच्या या कायद्याची बरीच चर्चा झाली आहे; परंतु पैशांच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी प्रत्येक पालकाला ठाऊक असाव्यात.

पहिली गोष्ट समितीच्या रचनेची. कलम २१ प्रमाणे सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश मुलांचे आईवडील किंवा पालक असावे लागतात, वंचित व दुर्बल गटांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि सरकारकडून किंवा अन्य कोठूनही आलेल्या पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही या समितीची कामे होत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित व अल्पसंख्याक शाळांतील समितीचे स्वरूप केवळ सल्ला देण्याचे राहिले. सरकारी शाळांत मात्र तिला पूर्ण महत्त्व आहे.

दुसरी गोष्ट शुल्काची. सरकारी शाळेत शिकणाऱ्या मुलाचे प्राथमिक शिक्षण पुरे होण्यास ज्यामुळे अडथळा येईल, असे कोणतेही शुल्क, आकार वा खर्च त्याच्याकडून घेता येत नाही. कलम १३ तर यापुढे जाते. प्रवेश देताना जाहीर शुल्काखेरीज घेतलेली कोणतीही देणगी, वर्गणी किंवा रक्कम ही ‘कॅपिटेशन फी’ ठरते, आणि तिच्या दसपटीपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेशाच्या टेबलावर देणगीची पावती ठेवलेली आपल्याला दिसली, तर आपण हे कलम ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट हिशोबाची. केंद्र सरकारच्या आदर्श नियमांप्रमाणे समितीला मिळालेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि दरवर्षी तपासणीसाठी खुला करावा लागतो. समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी, तिचा अध्यक्ष पालकांतून निवडला जावा आणि मुख्याध्यापकांनी निमंत्रक म्हणून काम पाहावे, असेही हे नियम सांगतात.

पेटी भरते कशी?

सर्वांत मोठा झरा अनुदानाचा. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आल्यानंतर शाळांना मिळणारी अनेक लहान अनुदाने एकत्र करून एकच ‘संयुक्त शाळा अनुदान’ देण्यात येऊ लागले. ते पटसंख्येवर ठरते. २०२१ मध्ये सुधारलेल्या आराखड्याप्रमाणे तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारपर्यंत ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १,००,००० रुपये, अशी मर्यादा आहे. यातील किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी ठेवावे लागतात. ग्रंथालय आणि खेळाचे साहित्य यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत.

हे आकडे पालकांनी पाठ करावेत, असे माझे म्हणणे आहे. कारण आपल्या शाळेला काय मिळू शकते हे ठाऊक नसेल, तर सरकारने करावयाचे काम पालकांच्या खिशातून होते. पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय या गोष्टी शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच आहेत. त्यांसाठी वर्गणी काढण्याआधी शासनाकडे मागणीचा ठराव गेला पाहिजे.

दुसरा झरा लोकांचा. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांत ‘लोकसहभाग’ हा शब्द रूढ झाला आहे. गावातून नोकरीसाठी बाहेर गेलेला माजी विद्यार्थी संगणक देतो, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ पुस्तकांचे कपाट देते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून लुटण्याऐवजी गोष्टींची पुस्तके शाळेला देण्याची कल्पना तर कोणत्याही गावात रुजू शकेल. गुजरातेत ‘तिथी भोजन’ म्हणून प्रथा सुरू झाली : घरातील वाढदिवस, लग्न अथवा अन्य मंगल प्रसंगी शाळेतील सर्व मुलांना जेवण द्यायचे. ती पुढे इतर राज्यांतही पसरली. रोख न देता वस्तू देण्याचा मोठा फायदा असा की, तिचा हिशोब डोळ्यांनी करता येतो.

तिसरा झरा लहान, पण आनंदाचा. शाळाशाळांतून ‘आनंद बाजार’ भरतो. मुले घरून भेळ, उकडलेल्या शेंगा, लिंबाचे सरबत, परसातली मेथी-कोथिंबीर घेऊन येतात, आणि पालक गिऱ्हाईक होतात. भांडवल किती घातले, विकून किती आले, उरलेल्या भेळेचे काय करावे, हे प्रश्न चौथीतील मूल त्या दिवशी जितक्या आवडीने सोडविते, तितक्या आवडीने ते गणिताच्या पुस्तकातील नफा-तोटा सोडवीत नाही. जमणारी रक्कम किरकोळ असते. पण जुनी वर्तमानपत्रे विकून येणारे पैसे आणि हा बाजार मिळून वर्गावर्गातील लहान गरजा भागू शकतात.

फळ्यावरची नावे

आता माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी वर्गणी मंद गतीने जमत होती. लोकांना उत्तेजन मिळावे म्हणून मीच सुचविले की, देणाऱ्यांची नावे आणि रकमा व्हरांड्यातील फळ्यावर लिहाव्यात. मोठी रक्कम वर, लहान खाली. सर्वांना कल्पना आवडली. माझे अक्षर बरे असल्यामुळे नावेही मीच लिहिली. खरोखरच आठ दिवसांत जमा वाढली आणि मला स्वतःचे कौतुक वाटले.

तिसऱ्या वर्गातील एक मुलगी त्याच आठवड्यात शाळेत येईनाशी झाली. वर्गशिक्षिका चौकशीला तिच्या घरी गेल्या, सोबत मीही गेले. वडील गवंडीकाम करीत. पावसाने कामे थांबली होती. आई दोन घरची धुणीभांडी करी. आजारपण असेल, असा आमचा तर्क होता. आई बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, “ताई, ती म्हणते, सगळ्यांची नावं फळ्यावर आहेत, माझ्याच बाबांचं नाही. पगार झाला की देते मी. तोवर राहू दे तिला घरी.”

पैसे न दिल्यास मुलीला शाळेत घेणार नाही, असे कोणीही म्हटले नव्हते. कोणाच्या मनातही ते नव्हते. पण कायद्याने ज्या ‘अडथळ्या’ला मनाई केली आहे, तो मी माझ्या सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहून ठेवला होता.

त्याच संध्याकाळी फळा पुसला. पुढच्या बैठकीत ठराव झाला की, दात्याचे नाव अथवा रक्कम कोठेही लावायची नाही. ज्याची त्याला पावती, आणि सूचनाफलकावर केवळ एकूण जमा. मुलगी परत आली, तरी तिचे अकरा दिवस बुडाले होते आणि गुणाकाराचा धडा पुढे गेला होता. शिक्षिकेने तो मधल्या सुटीत भरून काढला.

त्या वर्षी हात धुण्याच्या नळांपुढचा ओटा नव्याने बांधायचा होता. पाऊस उघडल्यावर त्या मुलीचे वडील आपणहून आले आणि दोन रविवार त्यांनी गिलावा करून दिला. हे काम वहीत कसे लिहावे, यावर समितीत वाद झाला. काहींच्या मते पैसे आले नाहीत, तर नोंद कशाला? शेवटी आम्ही ‘श्रमदान’ असा वेगळा रकाना काढला आणि त्यात दिवस, काम व त्या दिवसांची बाजारातील मजुरी लिहिली. वर्षअखेरीस तो रकाना पाहिला, तेव्हा सुतारकाम, शिवणकाम, रंगकाम, झाडांना पाणी घालणे, अशा नोंदींनी दीड पान भरले होते. ते सारे आधीच्या वर्षीही होत असणार. वहीला ते दिसत नव्हते, एवढेच.

पेटी रिती कशी करावी?

खर्चाचे तत्त्व समजण्यासाठी एक नमुना मांडते. आकडे काल्पनिक आहेत. आपल्या शाळेचे आकडे घालून आपण तो पुन्हा करून पाहावा.

समजा, शाळेचा पट १४० आहे. तिला ५०,००० रुपये अनुदान मिळाले. देणग्या व वर्गणी मिळून १८,०००, आनंद बाजाराचे ४,२०० आणि रद्दीचे १,८०० जमले. म्हणजे लोकांकडून २४,००० आणि एकूण ७४,०००.

अनुदानातून विजेचे बिल ९,०००, खडू, नोंदवह्या व कागद ८,०००, किरकोळ दुरुस्ती १४,०००, शैक्षणिक साहित्य १२,००० आणि स्वच्छता ७,००० असा खर्च झाला. दहा टक्क्यांच्या नियमाने स्वच्छतेवर किमान ५,००० हवे होते. येथे ते अधिकच झाले आहेत. लोकांच्या पैशातून गोष्टींची पुस्तके ७,०००, सतरंज्या ६,०००, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची देखभाल ४,००० आणि प्रथमोपचार पेटी २,००० हा खर्च केला आणि ५,००० शिल्लक ठेवले.

या नमुन्यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, अनुदान आणि लोकांचा पैसा यांचे रकाने वेगळे आहेत. ते एकत्र झाले की, कोणत्या नियमाचे पालन झाले आणि कोणत्या देणगीदाराचा हेतू पाळला गेला, हे सांगता येत नाही. दुसरी, देखभालीसाठी तरतूद आहे. वस्तू देणारे पुष्कळ भेटतात, ती चालू ठेवणारे थोडे. गाळणी न बदललेले जलशुद्धीकरण यंत्र आणि धूळ खात पडलेला संगणक आपण कितीतरी शाळांत पाहिले असतील. तिसरी, काही शिल्लक राखली आहे. वादळात पत्रे उडाले, तर त्या दिवशी सभा बोलावून वर्गणी काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. १८,००० भागिले १४० म्हणजे मुलामागे सुमारे १२९ रुपये. ही सरासरी आहे, दर नव्हे. एखाद्याने हजार दिले असतील, एखाद्याने वीस, कित्येकांनी काहीच नाही. सरासरीचा दर करण्याचा मोह समितीने टाळावा.

खर्च ठरविताना उपयोगी पडणारी एक कसोटी आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी सांगितली : “ज्या मुलाच्या घरी सर्वांत कमी आहे, त्याला याचा उपयोग काय?” स्नेहसंमेलनाच्या कमानीवर आणि पाहुण्यांच्या शालींवर होणारा खर्च या कसोटीस क्वचितच उतरतो. सतरंजी, पुस्तक आणि स्वच्छ पाणी नेहमी उतरते. संमेलन नको, असे मी म्हणत नाही. रंगमंचावर उभे राहण्याचा आनंद प्रत्येक मुलाचा आहे. पण त्यासाठी भाड्याचा पोशाख आणण्याची सक्ती झाली, तर पुन्हा तोच फळा आपण वेगळ्या रीतीने लिहीत असतो.

वही : प्रामाणिक माणसाचे संरक्षण

माझ्या आधी वही सांभाळणारे गृहस्थ अत्यंत सचोटीचे होते. शाळेच्या कामासाठी ते स्वतःच्या सायकलवरून बाजारात जात आणि रिक्षाभाडे कधी लावीत नसत. परंतु सुतळी, खिळे, फिनेल अशा किरकोळ खरेदीच्या पावत्या त्यांनी ठेवल्या नव्हत्या. जमा रोकड ते घरच्या डब्यात ठेवीत. वर्षअखेरीस बाराशे रुपयांचा मेळ बसेना. कोणी आरोप केला नाही; नुसते कुजबुजणे झाले. त्यांनी ती रक्कम पदरची भरली आणि पुन्हा कधी सभेला आले नाहीत. शाळेने त्या दिवशी बाराशे वाचविले आणि एक चांगला माणूस गमावला.

तेव्हापासून मला वाटते की, हिशोबाचे नियम चोरासाठी आहेत हा समज चुकीचा आहे. चोर वाटा शोधतोच. नियमांचा खरा उपयोग प्रामाणिक माणसाला आहे. आमच्या शाळेत आता पुढील रीती पाळल्या जातात, आणि त्या कोणत्याही शाळेला जमण्यासारख्या आहेत.

पावतीपुस्तकाला छापील क्रमांक असतो, आणि चुकलेली पावतीही फाडून न टाकता रद्द लिहून पुस्तकातच ठेवली जाते. जमलेली रोकड दुसऱ्या दिवशी बँकेत जाते. खात्यातून पैसे काढण्यास अध्यक्ष व मुख्याध्यापिका या दोघांच्या सह्या लागतात, आणि कोऱ्या धनादेशावर कोणीही सही करीत नाही. मोठ्या खरेदीपूर्वी तीन दुकानांची दरपत्रके मागविली जातात. प्रत्येक खर्चामागे ठराव आणि प्रत्येक ठरावामागे इतिवृत्तातील नोंद असते. दर महिन्याला एक पानी जमाखर्च सूचनाफलकावर लागतो, आणि ज्यांना वाचता येत नाही, अशा पालकांसाठी तो सभेत मोठ्याने वाचला जातो. ही शेवटची रीत सर्वांत उपयोगी ठरली. पहिल्यांदा वाचन झाले, तेव्हा मागच्या रांगेतील एका आजीने विचारले, “फिनेल एवढं लागतं का हो?” चौकशी केली, तर दुकानदाराने लहान बाटलीला मोठ्या बाटलीचा भाव लावला होता.

इतर देशांतील पालक

हे प्रश्न केवळ आपलेच आहेत, असे नाही. अमेरिकेत १७ फेब्रुवारी १८९७ रोजी वॉशिंग्टन येथे अ‍ॅलिस मॅक्‌लेलन बर्नी आणि फीबी हर्स्ट यांच्या पुढाकाराने मातांची राष्ट्रीय परिषद भरली. तिचेच पुढे पालक-शिक्षक संघाच्या देशव्यापी संस्थेत रूपांतर झाले. घरी भाजलेले केक विकून शाळेसाठी पैसे जमविण्याची तेथील रीत प्रसिद्धच आहे. पण श्रीमंत वस्तीतील शाळेचा संघ लाखो डॉलर जमवितो आणि गरीब वस्तीतील संघाला पुस्तकांपुरतेही जमत नाहीत, ही विषमता तेथे फार बोचते. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात अनेक वर्षे असा नियम होता की, शाळेसाठी पालकांनी जमविलेल्या निधीतील पहिले १०,००० डॉलर वगळून उरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा सामाईक निधीत जावा आणि तेथून गरजू शाळांना मिळावा.

जपानमधील प्रयोग अधिक मौजेचा आहे. तेथे १९६० मध्ये ‘बेलमार्क’ चळवळ सुरू झाली. काही ठराविक कंपन्यांच्या मालाच्या वेष्टनावर घंटेचे छोटे चिन्ह छापलेले असते. कुटुंबे ते कापून शाळेत देतात. पालक ते निवडून, मोजून पाठवितात आणि एका गुणाला एक येन या हिशोबाने रक्कम संघाच्या नावे जमा होते. तिच्यातून शाळेचे साहित्य घेता येते, आणि त्या खरेदीचा दहावा हिस्सा दुर्गम भागांतील व आपद्ग्रस्त शाळांच्या मदतीस जातो. कात्रणे निवडण्यात मातांचे कितीतरी तास खर्च होतात, अशी टीकाही तेथे होते, आणि ती योग्य आहे. पैसा जमविण्याला किती माणसांचे किती श्रम लागतात, हेही हिशोबात धरलेच पाहिजे. श्रमदानाचा आमचा रकाना मला त्या वेळी पुन्हा आठवला.

पुढच्या सभेत

वाचकहो, आपल्या मुलाच्या दप्तरातून पुन्हा चिठ्ठी येईल. या वेळी सभेला जाताना तीन प्रश्न बरोबर न्यावेत, अशी माझी विनंती आहे. या वर्षी शाळेला अनुदान किती आले आणि त्यातून काय झाले? आता जो पैसा मागितला जात आहे, तो शाळेच्या विकास आराखड्यातील कोणत्या गरजेसाठी? आणि जो देऊ शकत नाही, त्याच्या मुलाला ते कळणार नाही, अशी कोणती व्यवस्था केली आहे?

प्रश्न नम्रपणे विचारावेत. वही सांभाळणारा माणूसही कोणाचा तरी पालकच असतो आणि रात्री सगळे झोपल्यावर बेरजा करीत बसलेला असतो. उत्तरे समाधानकारक मिळाली, तर यथाशक्ति द्यावे. देण्यासारखी रोकड नसेल, तर संकोच न करता तसे सांगावे आणि आपल्याला काय येते ते सांगावे.

आमच्या शाळेतील तो फळा अजून व्हरांड्यात आहे. आता त्यावर रोज एक नवा शब्द लिहिला जातो. गेल्या महिन्यात एके दिवशी ते काम तिसरीतून चौथीत गेलेल्या त्या मुलीकडे आले होते. तिने ‘ओटा’ हा शब्द लिहिला आणि खाली वाक्य केले : “आमच्या शाळेचा ओटा माझ्या बाबांनी बांधला.”

दिवसभर तो फळा कोणी पुसला नाही.